तिसऱ्या वाटीतली डाळ

सिवकामीला फसवणं सोपं नाही, असं पूर्वेच्या दुसऱ्या वीथीत, म्हणजे त्या आळीत, सगळेच म्हणायचे. सगळ्यांत जास्त वेळा ती स्वतः म्हणायची. तिला तो हक्क होता म्हणा. एकोणतीस वर्षं तिने पुदुक्कोट्टैच्या शाळेत पोरांच्या दुपारच्या जेवणाचं खातं सांभाळलं होतं. रोजचा पहिला घास तिचा. तिने चव घेऊन मान हलवल्याशिवाय एकाही पोराच्या ताटात भात पडायचा नाही. एकदा कुबट डाळ उतरवून घ्यायला तिने नकार दिला आणि गाडीवाल्याला पोत्यांसकट फाटकाबाहेर काढलं, ही गोष्ट गावात अजून सांगतात. निदान ती तरी सांगते.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात. सिवकामी सुपरमार्केटांना लागली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन ती निघायची. आधी बसस्टँडजवळचं कुरिंजी सुपरमार्केट. जिल्ह्यात त्यांच्या सात शाखा. आत गारेगार हवा, दारात गुलाबी साडीतली मुलगी, जी हात जोडून वणक्कम म्हणता म्हणता तुमची पिशवी काढून घेते. मग वैगै बझार, मदुरैकडच्या लोकांचं. तिथे घाम गळतो, पण तेल चांगलं मिळतं. मग शेतकऱ्यांचा बाजार. आणि शेवटी, उन्हाने डोकं तापल्यावर, वीथीच्या कोपऱ्यावरचं तवमणी अण्णाचीचं दुकान. अण्णाची ही तिकडे किराणावाल्याला मारायची मानाची हाक. ती पाकिटं उजेडाकडे धरून बघायची, चिंचेचा गोळा हुंगायची, टोमॅटो दाबायची. कुरिंजीचा मॅनेजर तिला लांबून पाहूनच साबणाच्या रांगेमागे गुप्त व्हायचा.

संध्याकाळी मारियम्मन देवीच्या छोट्या देवळीच्या भिंतीवर एक कागद चिकटायचा. निळी शाई, फळ्यावर लिहावीत तशी टपोरी अक्षरं. तेल वैगैतून घ्या. साबण, चहा, बिस्किटं कुरिंजीतून. तांदूळही कुरिंजीतून, पण दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटातला नको. कांदा-वांगी शेतकऱ्यांच्या बाजारातून, सकाळी आठच्या आत. आणि तळाशी, दर महिन्याला न चुकता, दोन रेघा मारून: तूरडाळ आणि चिंच फक्त अण्णाचीकडून.

अण्णाचीचं दुकान म्हणजे काडेपेटीच. वर केळ्यांचे घड टांगलेले, खाली पोती, मधल्या फटीत अण्णाची. डाळ वर्तमानपत्रात बांधून तो दोरा असा झटक्यात तोडायचा की बघत राहावं. वर मूठभर कढीपत्ता, न मागता, फुकट. सिवकामीचा नवरा गेला त्या दिवशी त्याने दुकानाची अर्धी फळी ओढून घेतली होती आणि तेरा दिवस घरी लागेल ते, कुणी न सांगता, पोचवलं होतं. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही. शाळेतली म्हणून तो तिला टीचर म्हणायचा. “आमच्या कोविलपट्टीकडची डाळ, टीचर,” तो म्हणायचा, “काळ्या मातीतली. गिरणीवाला माझा सोयरा. पाकिटातल्या डाळीला ही चव यायची नाही.” आणि सिवकामी वीथीभर तेच सांगत फिरायची, जसं काही ती काळी माती हिनेच नांगरली होती.

आडी म्हणजे तमिळ आषाढ. त्याच्या तिसऱ्या शुक्रवारी वीथीच्या मारियम्मनचा उत्सव. पूजा झाली की पाचशे माणसांना सांबार-भात. सामान आणायचं काम बायकांच्या मंडळाकडे. यंदा परिमळाने नवं काढलं. परिमळा म्हणजे समोरच्या घरातली, बँकेत नोकरी, तोंडाने फटकळ, आणि सिवकामीच्या कागदावर हसायची हिंमत असलेली वीथीतली एकमेव बाई.

“आडीची सूट लागलीय कुरिंजीत,” परिमळा बैठकीत म्हणाली. “सगळं एकाच ठिकाणाहून घेऊ. घरपोच देतात. अण्णाचीकडे एवढी डाळ असते तरी का?”

“अम्मनच्या पानात पाकिटातली डाळ?” सिवकामी उठून उभीच राहिली. “गोदामात सहा महिने कुजलेली? बँकेत बसून बसून जिभेला गंज चढलाय तुझ्या. अण्णाचीची डाळ आणि ती डाळ, जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळे बांधा माझे. बांधा! आत्ता ओळखून दाखवते.”

बोलून गेली ती. मग डोळे बांधायचंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळीच्या ओसरीवर बारा-पंधरा बायका जमल्या. डाळ शिजवली सिवकामीच्या सुनेने, कयलने. तिन्ही दुकानांची वेगवेगळी, नुसती हळद-मीठ घालून. परिमळाने तीन वाट्यांना बोटं लावली, एकीला कुंकवाचं, एकीला हळदीचं, एकीला विभूतीचं, आणि कुठली कुणाची ते कागदावर लिहून कागद मुठीत धरला. सिवकामीच्या डोळ्यांवर तिचाच टॉवेल बांधला गेला.

कुंकवाच्या वाटीतला चमचा तोंडात गेला आणि तिचं तोंड वाकडं झालं. “गोदाम! सरळ गोदामाचा वास. थुंकू कुठे?” हळदीची वाटी. “ठीक. आजारी माणसाला चालेल.” मग विभूतीची. सिवकामी थांबली. जीभ टाळूला लावून तिने हळूहळू गिळलं. टॉवेलाखालून तिचा चेहरा असा खुलला की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“ही,” ती म्हणाली. “ही अण्णाची. याला डाळ म्हणतात.”

परिमळाने मुठीतला कागद उघडला. एकदा सिवकामीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “विभूती... अण्णाची.”

टाळ्या पडल्या. चाखायला म्हणून बसलेल्या बाकीच्या बायकांनीही विभूतीच्या वाटीलाच हात वर केले. परिमळासुद्धा म्हणाली, “हरले बाई मी.” सिवकामी त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. सिंगापूरला असलेल्या मुलाला फोन करून तिने सगळं दोनदा सांगितलं. मंडळाने डाळीचं काम अण्णाचीला दिलं आणि देवापुढे सिवकामीने कापूर पेटवून शब्द दिला: या डाळीची जबाबदारी माझी.

उत्सवाला चार दिवस उरले होते. घरातली डाळ संपत आली म्हणून सिवकामीने अण्णाचीकडून दोन किलो आणली आणि पंख्याखाली सूप घेऊन निवडायला बसली. डाळ सुपात पसरली, पाखडली, आणि तिच्यातून एक चंदेरी चौकोन वर आला. नखाएवढा जाड तुकडा, कडा दातेरी. तिने चष्मा लावला. वर छापलं होतं: कुरिंजी सुपरमार्केट, आडी सोनं सोडत. खाली बारीक अक्षरात: आमच्या तूरडाळीच्या प्रत्येक पाकिटात एक कूपन.

तिने ते कूपन उलटं केलं, सुलटं केलं. आधी तिला वाटलं, आपल्याच डब्यातलं पडलं असेल. पण तिच्या डब्यात कुरिंजीची डाळ कधी आलीच नव्हती. मग वाटलं, दुकानात कुणाच्या हातून पडलं असेल. तिने सूप पुन्हा पाखडलं. दुसरं कूपन निघालं.

 ती उठली, चपला न घालताच कोपऱ्यावर गेली.

दुपारचे दोन वाजले होते. अण्णाची पोत्याला टेकून दहीभात खात होता. सिवकामीने दोन्ही कूपनं तराजूच्या पारड्यात ठेवली. पारडं हललंही नाही. अण्णाचीने त्यांच्याकडे पाहिलं, हातातला घास खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोवर ओरडला, “चेल्लक्कनी! तुला सांगितलं होतं ना, बघून ओत म्हणून!”

हे त्याचं पहिलं वाक्य. नाही म्हणणं नाही, शपथ नाही. सिवकामीला वाटलं होतं तो काहीतरी खोटं बोलेल आणि ती ते मानून घेईल.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“हात धुऊन येतो, टीचर.”

“किती दिवस, तवमणी?” बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला नावाने हाक मारली.

“ही चौथी आडी.” तो उभा राहिला. हाताला भात तसाच. “गिरणीवाल्याने माल बंद केला. म्हणाला, एका पोत्यासाठी मी गाडी पाठवणार नाही. बरोबरच आहे त्याचं. पूर्वी मी तांदूळ, तेल, साबण, सगळं मागवायचो, गाडी भरून यायची. मग तुमचा कागद लागायला लागला. तेल वैगैतून, साबण कुरिंजीतून. माझ्याकडे काय ठेवलंत तुम्ही? डाळ, चिंच, आणि फुकटचा कढीपत्ता.”

“मी तुझं नाव लिहायचे! दर महिन्याला! दोन रेघा मारून!”

“लिहायचात की. त्या दोन रेघांसाठीच तर डाळ ठेवावी लागली. नाही ठेवली तर तुमचा कागद खोटा पडला असता आणि माझं उरलंसुरलं गिऱ्हाईक गेलं असतं.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगणार होतो. पहिल्या खेपेला पुडी बांधताना दोरासुद्धा तुटेना माझ्या हातून. म्हटलं, दुसऱ्या कुणालाही कळणार नाही, पण टीचरची जीभ आहे, घरी जाऊन परत येतील आणि पुडी तोंडावर मारतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. काय म्हणालात आठवतं? म्हणालात, अण्णाची, ही डाळ गेल्या खेपेपेक्षा सरस आहे.” त्याने मान खाली घातली. “त्यावर मी काय बोलणार होतो?”

सिवकामीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. नवऱ्याच्या तेराव्याला याच माणसाने आणलेल्या डाळीचं जेवण तिने घातलं होतं. ती डाळ तरी खरी होती का, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो प्रश्न विचारला नाही. उत्तर ऐकायची ताकद नव्हती. “पाचशे माणसं,” ती म्हणाली. “कापूर पेटवून शब्द दिलाय मी अम्मनला. उद्या वीथीला काय तोंड दाखवू? तू एकट्याने माझं नाक कापलंस.”

“एकट्याने नाही, टीचर,” अण्णाची हळूच म्हणाला. मग जीभ चावल्यासारखं करून पुन्हा दहीभाताकडे वळला. “वीथीला विचारा.”

तिला त्याचा अर्थ कळला नाही. चोर पकडला गेला की दुसऱ्याकडे बोट दाखवतो, एवढंच तिने धरलं. पाच वाजता तिने घरोघरी निरोप धाडून मंडळाच्या बायकांना ओसरीवर बोलावलं. त्यांच्यापुढे उभं राहायला तिला जेवढं जड गेलं तेवढं आयुष्यात काही गेलं नव्हतं. पण ती उभी राहिली. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती.

“मी फसले,” ती म्हणाली. “आणि मी तुम्हाला फसवलं. अण्णाची कुरिंजीची पाकिटं फोडून विकतो. चार वर्षं. परिमळा, तू बरोबर होतीस. मी तुला नाही नाही ते बोलले. माफ कर. डाळीचं काम त्याच्याकडून काढून घ्या.”

ती वाट बघत होती ओरड्याची. कुणीतरी म्हणेल, काय सांगता! कुणीतरी अण्णाचीला शिव्या घालेल.  एकीने पदराशी चाळा सुरू केला. एक म्हातारी उगाच देवळीतल्या दिव्यात तेल घालायला उठली.

“बसा ना अक्का,” परिमळा म्हणाली. तिच्या आवाजातला फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. “आम्हाला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“दर बुधवारी दुपारी चेल्लक्कनी रिक्षा भरून पाकिटं आणते. सगळी वीथी बघते. तुम्ही त्या वेळी झोपलेल्या असता.”

सिवकामीने एकेकीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. मग एकदम तिला आधार सापडला. “थांबा. तुम्ही काहीतरी चुकताय. मग त्या दिवशी दोन वाट्यांत एकच डाळ होती. बरोबर? कुरिंजीची आणि अण्णाचीची एकच. पण विभूतीची वाटी वेगळी होती. शंभर टक्के वेगळी! जीभ माझी आहे, मला माहीत आहे. मग ती कशी...”

परिमळाने कयलकडे पाहिलं. कयल खांबाला टेकून उभी होती.

“अत्तै,” कयल सासूला म्हणाली, “ती वैगैची होती.”

“आणि अण्णाचीची?”

 उत्तर परिमळाने दिलं, “कुंकवाची.”

गोदामाचा वास. थुंकू कुठे. तिचे स्वतःचे शब्द तिच्या कानात वाजले. म्हणजे चार वर्षं रोज दोन वेळा जी डाळ तिने चाटूनपुसून खाल्ली, तिलाच ती थुंकायला निघाली होती. आणि कुंकू आणि हळद, एकाच दुकानातली एकच डाळ, एक कुजलेली ठरवली, एक आजाऱ्याला चालेल अशी.

“मग तू कागद खोटा का वाचलास?” तिने परिमळाला विचारलं. “तू जिंकली होतीस.”

“तुमचा चेहरा बघून,” परिमळा म्हणाली. “वाचवेना मला.”

“डाळीचं काम?”

आता सगळ्याच चुळबुळल्या. शेवटी परिमळानेच सांगितलं. काम कुरिंजीलाच दिलं होतं, पहिल्यापासून. गाडी गुरुवारी सकाळी येणार होती. ती अण्णाचीच्या दुकानापुढे उतरवून घ्यायची, पाकिटं आत फोडायची, आणि पोती भरून त्याच्या हातगाडीवरून देवळीत आणायची, असं ठरलं होतं. अण्णाचीला हमालीचे चार पैसे मिळतील आणि अक्कांचा शब्दही राहील.

त्या वेळी त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सिवकामी भांडली असती, परिमळाच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण त्या हसत नव्हत्या. त्या तिच्याकडे अशा बघत होत्या जसं आजारी पोराकडे बघतात. अण्णाचीने तिला फसवलं ते पोटासाठी. यांनी काय मिळवलं? काही नाही. यांनी तिची कीव केली होती, सगळ्यांनी मिळून, ठरवून, चार वर्षं. हे तिला अण्णाचीच्या लबाडीपेक्षा दहापट लागलं.

घरी आल्यावर ती कयलशी बोलली नाही. रात्रीचं ताट कयलने पुढे ठेवलं तेव्हा म्हणाली, “परक्यांचं सोड. तू माझ्या घरातली. तूही?”

कयल समोर बसली. “अत्तै, तुम्ही निवृत्त झालात आणि तीन महिने खिडकीत बसून होतात. अर्धी इडलीसुद्धा जायची नाही तुम्हाला. कागद लावायला लागलात आणि जेवायला लागलात. मी काय करायला हवं होतं?”

“म्हणून खेळणं दिलंत मला.”

“असं नका म्हणू.”

“तो कागद तरी कुणी वाचायचं का?”

कयलने ताटातली वाटी सरळ केली. “काही जणी वाचायच्या,” ती म्हणाली.

सिवकामीने ताट सरकवलं.

गुरुवारी गाडी आली. ठरलं होतं तसंच सगळं झालं, फक्त आता लपवायचं काही नव्हतं म्हणून पाकिटं ओसरीवरच फोडली. अण्णाचीही मदतीला आला. त्याने सिवकामीला लांबून हात जोडले; तिने बघितलं नाही. शुक्रवारी पहाटेपासून तीन चुली पेटल्या. सिवकामी येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ती आली. नवी सुती साडी, कपाळाला विभूती. कुणाशी न बोलता वांगी चिरायला बसली. बायकांचा जीव भांड्यात पडला. परिमळा तर इतकी गोड वागायला लागली की ऐकवेना. “अक्का, उन्हात बसू नका. अक्का, ताक घ्या.”

पूजा झाली. छोट्या भांड्यातलं सांबार-भाताचं पान अम्मनपुढे ठेवून झालं, आरती झाली. वीथीच्या तोंडापर्यंत माणसांची रांग लागली. आता वाढायचं. दर वर्षी वाढण्याआधी पहिला घास सिवकामीचा असायचा. शाळेतली सवय वीथीनेही उचलली होती. परिमळाने मोठ्या पातेल्यात डाव घातला, वाटीत सांबार घेतलं, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

“अक्का, चव बघा.”

बायका भोवती उभ्या राहिल्या. कयल, दिव्यात तेल घालणारी ती म्हातारी, सगळ्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू. सिवकामीने वाटी तोंडाला लावली. सांबार उत्तम होतं. चिंच बेताची, डाळ मऊ, मीठ अगदी नेमकं. एकोणतीस वर्षं रोज पातेल्यात मीठ बघितलेली बाई होती ती. बाकी काही कळो न कळो, मीठ तिला कळत होतं.

“मीठ कमी आहे,” सिवकामी म्हणाली.

“मलाही तेच वाटत होतं,” परिमळा लगेच म्हणाली. तिने अजून चाखलंही नव्हतं.

“हो, कमीच आहे जरा,” म्हातारी म्हणाली. तिनेही नाही. मागून दोघी-तिघींनी माना डोलावल्या. कयलने खड्याच्या मिठाचा डबा उचलून परिमळापुढे केला.

सिवकामी थांबली. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. एक जरी बाई पुढे होऊन पातेल्यात बोट बुडवेल आणि म्हणेल, अक्का, चुकताय तुम्ही, मीठ बरोबर आहे, तर सगळं माफ, असं तिने मनाशी धरलं. रांगेतली माणसं पुढे सरकायला लागली होती. कुणाचं तरी पोर भुकेने रडत होतं. एकही बाई जागची हलली नाही.

परिमळाने मूठ भरून पातेल्यावर धरली. “एक मूठ पुरे की दोन, अक्का?”

“दोन,” सिवकामी म्हणाली.